निघताना ऊन, घाटात धुके

प्रश्न : जुलैत मित्र आणि मी दोन मोटारसायकलींवर संभाजीनगरहून अहिल्यानगर, आळेफाटामार्गे माळशेज घाटात जाणार आहोत. काय काळजी घ्यावी?

उत्तर : आपला भाग पर्जन्यछायेतला, इथल्या उन्हावर विसंबू नका. रेनकोट घाटाआधीच्या ओतूरलाच, अंग कोरडे असताना चढवा. भिजल्यावर वाऱ्याने बोटे गारठतात आणि ब्रेकचा लिव्हर नीट आवळता येत नाही. पहिली सर सर्वांत धोक्याची, कारण रस्त्यावरचे तेल आणि धूळ मिसळून बुळबुळीत थर होतो; तेव्हा वेग उतरवाच. धुक्यात हेडलाइट लोअरवर ठेवा. मित्राच्या मागच्या दिव्याला चिकटून मात्र मुळीच चालवू नका. आणि कळकळीने सांगतो, धबधब्याखाली फोटोसाठी थांबू नका, तिथे दरडीचे दगड येतात.