आतड्याच्या कर्करोगाचा संशय : कोणती तपासणी आधी?

शौचावाटे रक्त पडू लागले की आपल्या भागात त्यास मूळव्याध हेच नाव दिले जाते. पुष्कळदा ते खरेही असते. परंतु रक्तासोबत शौचाच्या सवयीत बदल, वजनातील घट किंवा कारण न सापडणारा पंडुरोग आढळल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शंका घेणे क्रमप्राप्त ठरते. अशा वेळी नातेवाईक आम्हांस हमखास विचारतात, "सोनोग्राफी नॉर्मल आहे, मग आणखी तपासणी कशाला?" सोनोग्राफीच्या ध्वनिलहरी आतड्यातील वायूपाशी अडतात. त्यामुळे आतील लहान गाठ तीत दिसेलच असे नाही, आणि नॉर्मल अहवालामुळे कर्करोग नाही असे सिद्ध होत नाही.

या शंकेच्या निरसनासाठी पूर्वी बेरियम एनिमा हीच रूढ तपासणी होती. गुदद्वारातून बेरियमचे द्रावण व हवा सोडून क्ष-किरण छायाचित्रे घेतली जात. तिची जागा पुढे दोन पद्धतींनी घेतली. सी.टी. कोलोनोग्राफीत आतडे वायूने फुगवून रुग्णाचे पाठीवर व पोटावर निजवून सी.टी. स्कॅन करतात, भूल लागत नाही. कोलोनोस्कोपीत लवचिक दुर्बीण आत नेऊन आतड्याचे अस्तर प्रत्यक्ष पाहतात. दोन्हींसाठी आदल्या दिवशी आतडे रिकामे करावे लागते, व रुग्णांची खरी तक्रार बहुधा त्या जुलाबाच्या औषधाविषयीच असते!

यांची तुलना करणारा 'सिगार' हा अभ्यास ब्रिटनमधील २१ रुग्णालयांत झाला. लक्षणे असलेल्या, ५५ वर्षे व त्यावरील रुग्णांची नोंदणी २००४ ते २००७ या काळात झाली आणि निष्कर्ष २०१३ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. कर्करोग अथवा मोठा अंकुर (पॉलिप) सापडण्याचे प्रमाण बेरियममध्ये ५.६ टक्के, तर सी.टी.मध्ये ७.३ टक्के होते. बेरियम गटातील ८५ पैकी १२ कर्करोग तपासणीत निसटले, सी.टी. गटात ४५ पैकी ३. दुसऱ्या तुलनेत सी.टी. व कोलोनोस्कोपी दोन्हींचे प्रमाण सुमारे ११ टक्के, म्हणजे सारखेच निघाले. मात्र सी.टी.नंतर ३० टक्के रुग्णांना आणखी तपासणी करावी लागली, कोलोनोस्कोपीनंतर ८.२ टक्क्यांना. कारण उघड आहे. दुर्बिणीतून संशयित जागेचा तुकडा तेव्हाच घेता येतो, अंकुर तेव्हाच काढता येतो, सी.टी. केवळ चित्र देते.

हा ३० टक्क्यांचा आकडा तुमसरहून पाहिला पाहिजे. नागपूर येथून सुमारे ८० किलोमीटर आहे. दुसरी तपासणी म्हणजे पुन्हा जुलाब, पुन्हा तुमसर रोडहून गाडी, सोबतच्या माणसाचीही बुडालेली मजुरी. आणि धानाची रोवणी सुरू असेल तर तो रुग्ण परत जाईलच याची खात्री कोणी द्यावी? म्हणून प्रकृती झेपत असल्यास आमचा कौल प्रथम कोलोनोस्कोपीलाच आहे. दुर्बिणीने क्वचित आतड्यास छिद्र पडण्याचा धोका असतो, हे सांगणेही आमचे कर्तव्य आहे. अतिशय अशक्त वृद्ध किंवा अरुंद झालेल्या आतड्यातून दुर्बीण पुढे न जाणारा रुग्ण यांच्यासाठी सी.टी. कोलोनोग्राफी निश्चितच उपयुक्त आहे.

ब्रिटनमधील अभ्यास ५५ वर्षांपासून सुरू होतो, आपले रुग्ण मात्र त्याआधीच येतात. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील ८०० रुग्णांच्या, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सरासरी वय सुमारे ४७ वर्षे होते, आणि ४२ टक्के रुग्णांत गाठ गुदाशयात होती. गुदाशयाच्या खालच्या भागातील गाठ डॉक्टरांच्या बोटास लागू शकते. या तपासणीस यंत्र लागत नाही, खर्च जवळजवळ नाही, दोन मिनिटे पुरतात. तरीही संकोचापायी ती टाळली जाते, कधी रुग्णाकडून, कधी डॉक्टरांकडूनही. 'वय लहान आहे, मूळव्याधच असेल' असे म्हणून मलम देण्यापूर्वी ती व्हावी, असा आमचा आग्रह आहे.

कोलोनोस्कोपीस येताना चालू औषधांची चिठ्ठी सोबत आणावी. रक्त पातळ करणारी किंवा लोहाची गोळी सुरू असल्यास ती स्वतःहून बंद न करता तारीख ठरवतानाच सांगावी.