वय झाले म्हणून बसावे काय? — अमेरिकेतील लॅटिनो ज्येष्ठांच्या व्यायामवर्गांपासून घेण्याचा धडा



वार्षिक अहवालातील आकड्यांबरोबर वाचकांच्या हाती एखादा उपयुक्त अभ्यासलेख द्यावा, या हेतूने हे चार शब्द लिहीत आहे. प्रारंभीच नम्रपणे नमूद करतो की, मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे; वैद्यकशास्त्रात माझा अधिकार नाही. माझे काम जमाखर्च पाहण्याचे. परंतु फायली तपासताना एक गोष्ट वारंवार नजरेस येते. घरात पडून खुब्याचे हाड मोडलेल्या वृद्धांच्या फायली नेहमीच जाड असतात. शस्त्रक्रिया, रोपण, रक्त, खाटेचे भाडे, फिजिओथेरपी अशा सर्व नोंदी त्यांत असतात. नसते ती एवढीच नोंद की, पडण्यापूर्वी कित्येक महिने ती व्यक्ती केवळ बसून होती.

माझ्या आईच्या बाबतीत हेच घडले. तिची सत्तरी उलटल्यावर आम्ही भावंडांनी तिला मोठ्या प्रेमाने एकेका कामातून निवृत्त केले. ‘आई, पुष्कळ केलेस, आता निवांत बस,’ हे आमचे पालुपद. बाजारात जाणे बंद झाले, जिना उतरणे बंद झाले. पाण्याचा तांब्यासुद्धा तिच्या हाती नेऊन दिला जाऊ लागला. तीन वर्षांनी मोरीच्या उंबऱ्याला अडखळून ती पडली. शस्त्रक्रिया उत्तम झाली, पण त्यानंतर ती आधाराशिवाय कधीच चालली नाही. हाडांइतकेच पायांचे बळही गेलेले आहे, असे डॉक्टरांनी सांगितले. बिल भरताना माझ्यातील हिशेबनीसाला उमगले की, हा खर्च त्या दिवशी सुरू झालेला नव्हता. तो तीन वर्षे साचत आला होता.

यासंबंधी वाचन करीत असता अमेरिकेतील लॅटिनो ज्येष्ठांविषयीचे काही अभ्यास हाती लागले आणि आमच्या घरातलेच ते वाक्य तिथे शास्त्रीय कसोटीस लावलेले आढळले. म्हणून या विषयाची निवड केली.

लॅटिनो ज्येष्ठ : दीर्घ आयुष्य, जड पावले

मेक्सिको, पोर्तो रिको, क्यूबा, ग्वाटेमाला इत्यादी प्रदेशांत ज्यांचे मूळ आहे, अशा अमेरिकेतील रहिवाशांस लॅटिनो म्हणतात. सरकारी नोंदींत हिस्पॅनिक हा शब्द अधिक आढळतो. २०२० च्या जनगणनेनुसार त्यांची संख्या ६ कोटी २१ लाख, म्हणजे त्या देशाच्या लोकसंख्येच्या १८.७ टक्के होती. यांतील पहिल्या पिढीच्या अनेकांचे आयुष्य शेतमजुरी, बांधकाम, कारखाने आणि इतरांच्या घरची स्वच्छता यांत गेले.

या समाजाविषयी एक कोडे अभ्यासकांना फार दिवस पडलेले आहे. उत्पन्न व शिक्षण कमी असूनही त्यांचे सरासरी आयुर्मान अधिक आहे. २०१९ मध्ये ते ८१.९ वर्षे होते, तर हिस्पॅनिक नसलेल्या गौरवर्णीयांचे ७८.८ वर्षे. करोनाच्या साथीत हे मान झपाट्याने खाली आले आणि २०२२ मध्ये पुन्हा ८० वर्षांपर्यंत पोहोचले. परंतु दीर्घ आयुष्य म्हणजे निरोगी वार्धक्य नव्हे. नैऋत्येकडील पाच राज्यांतील ६५ वर्षांवरील ३,०५० मेक्सिकन-अमेरिकन व्यक्तींचा दीर्घकालीन अभ्यास १९९३ मध्ये सुरू झाला. मधुमेह आणि चालण्या-उठण्यातील अक्षमता हे त्यातील मोठे विषय ठरले. स्मृतिभ्रंशाची शक्यताही लॅटिनो ज्येष्ठांत गौरवर्णीयांच्या सुमारे दीडपट असल्याचे सांगितले जाते. वर्षे मिळाली, पण ती कशी जगावयाची, हा प्रश्न उरतोच.

समजूत बदलण्याचा प्रयोग

लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डॉ. कॅथरिन सार्किसियन यांनी या प्रश्नाला वेगळ्या बाजूने हात घातला. वृद्ध माणसे व्यायाम का करीत नाहीत? त्यांना त्याचे फायदे ठाऊक नसतात असे नाही. ‘माझे चालणे कमी झाले ते वयामुळे, आता त्याला इलाज नाही,’ अशी त्यांची मनोमन खात्री झालेली असते. कारण म्हणून वयाकडे बोट दाखविले की प्रयत्नाला जागाच उरत नाही. तेव्हा व्यायामाबरोबर ही कारणमीमांसाही दुरुस्त करावी, असे त्यांनी ठरविले.

त्यांचा प्राथमिक प्रयोग २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. लॉस एंजेलिसमधील तीन ज्येष्ठ केंद्रांतील, ६५ वर्षांवरील आणि बैठी राहणी असलेल्या ४६ व्यक्ती त्यात होत्या. आठवड्यातून एकदा, असे चार आठवडे त्यांना एकत्र बोलाविले जाई. पहिला तास चर्चेचा : म्हातारपण आणि बसून राहणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा त्यातील मुख्य पाठ. दुसरा तास व्यायामाचा : बळ, दम आणि लवचिकता यांसाठी. प्रत्येकाच्या कमरेला पावले मोजणारे छोटे यंत्र होते. सात आठवड्यांनी मोजणी केली, तेव्हा आठवड्याची सरासरी २४,७४९ पावलांवरून ३०,७०७ वर गेली होती. रोजचा हिशेब केल्यास साडेतीन हजार पावलांची जवळजवळ चार हजार चारशे झाली. वाढ सुमारे २४ टक्क्यांची; औषधाचा खर्च शून्य.

यानंतर ‘कामिनेमोस’ हा मोठा प्रयोग खास लॅटिनो ज्येष्ठांसाठी हाती घेण्यात आला. या स्पॅनिश शब्दाचा अर्थ ‘चला, चालू या’. २७ ज्येष्ठ केंद्रांतील ६० वर्षांवरील ५७२ व्यक्ती त्यात सहभागी झाल्या. त्यांचे सरासरी वय ७३ होते आणि सुमारे तीन चतुर्थांश महिला होत्या. चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे त्यांचे दोन गट केले. एका गटाला वरील समजूत-दुरुस्तीचे पाठ मिळाले, दुसऱ्याला सर्वसाधारण आरोग्यशिक्षण. व्यायामाचा तास मात्र दोन्ही गटांना सारखाच होता. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणानुसार, मनाच्या खिन्नतेची लक्षणे असणाऱ्यांचे प्रमाण प्रारंभीच्या तुलनेत एक वर्षाने आणि दोन वर्षांनीही कमी आढळले.

येथे हिशेबनीस या नात्याने एक इशारा देणे माझे कर्तव्य आहे. या प्रयोगात व्यायाम न करणारा गट नव्हता. त्यामुळे खिन्नता नेमकी कशाने घटली, व्यायामाने, सोबतीने की घराबाहेर पडण्याने, हे वेगळे काढून दाखविता येत नाही. जमेच्या बाजूला रक्कम दिसते. ती कोणत्या खात्यातून आली, हे खात्रीने सांगता येत नाही. परंतु तिन्ही गोष्टी एकाच तासात मिळत असतील, तर कुटुंबाच्या दृष्टीने हा भेद फार महत्त्वाचा नाही, असे मला वाटते.

शरीर-मनाचा व्यायाम म्हणजे काय?

ज्यात हालचाल, श्वास आणि अवधान ही तिन्ही एकत्र राबविली जातात, त्यास शरीर-मनाचा व्यायाम म्हणावे. आपला योग, चीनमधील ताई ची आणि चिगोंग ही त्याची प्रसिद्ध उदाहरणे. वृद्धांना याचा विशेष लाभ का व्हावा? तोल सांभाळणे हे केवळ पायांचे काम नाही. डोळे, अंतर्कर्ण आणि तळपायांची व सांध्यांची जाणीव यांकडून येणारे निरोप मेंदू क्षणोक्षणी जुळवीत असतो. वयानुसार हे निरोप मंदावतात. त्यात एकदा पडल्याची भीती मनात बसली की माणूस पावले आखडती टाकतो, कमी चालतो. त्यामुळे स्नायू आणखी दुबळे होतात आणि पडण्याचा धोका उलट वाढतो. ताई चीमध्ये शरीराचा भार एका पायावरून दुसऱ्या पायावर अत्यंत सावकाश आणि पूर्ण लक्ष देऊन नेला जातो. बळ, तोल आणि धीर यांचा सराव एकाच वेळी होतो.

याचा भक्कम पुरावा ऑरेगन राज्यातून मिळाला. डॉ. फुझोंग ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत ७० वर्षांवरील ६७० व्यक्ती होत्या. त्या पूर्वी पडलेल्या तरी होत्या किंवा त्यांच्या हालचालींत दोष तरी होता. आठवड्यातून दोनदा, एक-एक तास, २४ आठवडे वर्ग चालले. ताई चीवर आधारलेल्या व्यायामाच्या गटात पडण्याचे प्रमाण केवळ ताणाचे व्यायाम करणाऱ्या गटापेक्षा ५८ टक्क्यांनी आणि बहुविध व्यायाम करणाऱ्या गटापेक्षा ३१ टक्क्यांनी कमी राहिले.

मात्र या चाचणीत बहुसंख्य गौरवर्णीय होते. लाभदायक गोष्ट अस्तित्वात असणे आणि ती गरजूंपर्यंत पोहोचणे, यांत मोठे अंतर असते.

दार उघडे, तरी आत येणे अवघड

हे अंतर योगाच्या बाबतीत आकड्यांनी दिसते. २०१७ च्या अमेरिकी राष्ट्रीय आरोग्य पाहणीत, मागील बारा महिन्यांत योग केलेल्या प्रौढांचे प्रमाण गौरवर्णीयांत १७.१ टक्के, तर हिस्पॅनिकांत अवघे ८ टक्के होते. आपणा मराठी वाचकांना यात एक विशेष खंत वाटावी. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून योगाचा प्रयोगशाळेत अभ्यास आरंभिला. पुण्यात बी. के. एस. अय्यंगार यांनी खुर्ची, पट्टे आणि लाकडी ठोकळे यांच्या साहाय्याने दुबळ्या शरीरालाही आसने सुलभ करून दिली. ज्या विद्येने अशक्तांसाठी खुर्ची पुढे केली, तीच विद्या परदेशात अनेकदा महागड्या वर्गांची आणि तरुण, सडपातळ देहांची वस्तू म्हणून ओळखली जाते. स्पॅनिश बोलणाऱ्या आजीला त्या दारातून आत जाण्याचा संकोच वाटल्यास नवल नाही.

अडचणी आणखीही आहेत. वर्ग इंग्रजीत चालतात, शुल्क परवडत नाही, वाहन चालविता येत नाही, नातवंडे सांभाळावयाची असतात. जन्मभर अंगमेहनत केलेल्यांना तर व्यायाम हे रिकाम्या लोकांचे काम वाटते. म्हणून अनेक उपक्रमांत ‘प्रोमोतोरा’ म्हणजे त्याच वस्तीतील, तीच भाषा बोलणारी प्रशिक्षित आरोग्यसेविका मध्यस्थ असते. आपल्याकडील आशाताईंची आठवण व्हावी, असेच हे काम.

शिकागो येथील इलिनॉय विद्यापीठाच्या डॉ. डेव्हिड मार्केझ यांनी तर व्यायामाचे रूपच बदलले. ‘बाइलामोस’, म्हणजे ‘आपण नाचतो’, या त्यांच्या उपक्रमात मेरेंगे, चा-चा-चा, बचाता आणि साल्सा हे चार नृत्यप्रकार शिकविले जातात. पावलांचा क्रम लक्षात ठेवावा लागतो, जोडीदाराशी मेळ साधावा लागतो, तालाकडे कान द्यावा लागतो. शरीर आणि बुद्धी दोहोंना काम मिळते. पुढे ३३३ ज्येष्ठ लॅटिनोंना घेऊन त्याची रीतसर चाचणी झाली. त्याआधीच्या, ५७ जणांच्या लहान अभ्यासाचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. नृत्याच्या गटाप्रमाणेच आरोग्यशिक्षणाच्या गटातही बुद्धीच्या कसोट्यांवर काही सुधारणा होत असावी, असे लेखकांनी त्यात प्रांजळपणे लिहिले आहे. म्हणजे नृत्याने स्मृतिभ्रंश टळतो, असा दावा कोणी करू नये. परंतु बालपणापासून कानांत असलेल्या संगीतावर पाय आपोआप हलतात आणि माणसे पुढच्या वेळी पुन्हा येतात, ही गोष्ट व्यवस्थापनाच्या दृष्टीने लाखमोलाची आहे. अर्ध्यावर सोडलेला उत्तम व्यायाम कोणाच्याच कामाचा नाही.

आपण काय घ्यावे?

लॉस एंजेलिसचा अनुभव जसाच्या तसा आपल्याकडे लागू पडेल, असे मी म्हणणार नाही. पण त्यातील विचार घरी नेण्यासारखा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये दिलेल्या सल्ल्यानुसार ६५ वर्षांवरील व्यक्तींनी आठवड्यात किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल आणि किमान तीन दिवस तोल व बळ वाढविणारे व्यायाम करावेत. आप्तांनी पुढील गोष्टी ध्यानी घ्याव्यात :

१. आरंभापूर्वी डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्यावा. विशेषतः हृदयविकार, चक्कर, अलीकडील शस्त्रक्रिया किंवा हाडांचा ठिसूळपणा असल्यास.

२. बिनचाकाची, भक्कम खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी. तिच्यावरून सावकाश उठणे व बसणे, तिचा आधार घेऊन टाचा उचलणे, एका पायावर क्षणभर उभे राहणे, यांपासून प्रारंभ करावा. जवळ कोणीतरी असावे.

३. श्वास कोंडू नये. छातीत दुखणे, धाप किंवा अंधारी आल्यास तत्काळ थांबून वैद्यकीय मदत घ्यावी.

४. जे आवडते तेच करावे. भजनाच्या ठेक्यावर पावले टाकणे ज्यांना प्रिय, त्यांनी ते करावे. सोबत मिळाल्यास उत्तम.

५. ज्येष्ठांच्या हातून झेपणारी कामे काढून घेऊ नयेत. काळजी घेणे आणि खिळवून ठेवणे, यांतील सीमारेषा फार बारीक असते.

विश्वस्त मंडळास माझी विनंती आहे की, आठवड्यातून दोन सकाळी एक तास रुग्णालयाचे सभागृह ज्येष्ठांच्या मराठी वर्गासाठी मोकळे ठेवावे. फिजिओथेरपी विभागाची देखरेख, भक्कम खुर्च्या आणि चहा, एवढीच सामग्री लागेल. अंदाजपत्रकात ही रक्कम नजरेत भरणार नाही.

आणि आप्तस्वकीयांस एवढेच सांगणे. आईला ‘निवांत बस’ म्हणणारा मुलगा वाईट नव्हता. त्याला ठाऊक नव्हते. आता आपणांस ठाऊक झाले आहे. आज घरी गेल्यावर आपल्या वडीलधाऱ्यांना ‘बसा’ म्हणण्यापूर्वी ‘चला, दारापर्यंत जाऊन येऊ’ असे म्हणून पाहावे आणि त्यांच्या पावलाने, न घाई करता, सोबत चालावे.

आपला नम्र,
प्रशासकीय अधिकारी