आवाज बंद करून काशी बघा

काशीतल्या मणिकर्णिका या स्मशानघाटावर प्रत्यक्षात काय ऐकू येतं? लाकडाच्या वजनावरून चाललेली हुज्जत, बोटींच्या इंजिनांची फटफट, ‘राम नाम सत्य है’ आणि मध्येच कुणाच्या तरी खिशात वाजलेला मोबाइल. माहितीपटांचं ध्वनिसंकलन हे माझं काम, त्यामुळे हे सगळं मी तिथे उभं राहून मुद्रित केलंय. मुंबईच्या स्टुडिओत ते बहुतेक पुसलं गेलं. उरला तानपुरा, एक लांबवलेली घंटा आणि खर्जातला निवेदक: ‘हजारो वर्षांची परंपरा...’ समोर दृश्य दशाश्वमेध घाटावरच्या गंगा आरतीचं. गंगापूजन जुनंच, पण आरतीचं हे कवायतीसारखं भव्य रूप १९९०च्या दशकातलं. निर्मात्याला सांगितलं, तर म्हणाला, “वाक्य खोटं कुठंय? काशी जुनी आहेच ना!”

माझ्या आत्याने तो माहितीपट पाहिला आणि त्यातल्या एका बाबांना पैसे पाठवायला निघाली. “अरे, त्यांचे डोळेच सांगतात!” ते डोळे धुनीच्या धुराने पाणावले होते, आम्ही ते संथ गतीने दाखवून खाली बासरी घातली होती. “बाबा बोलले काय, आठवतं?” विचारलं, तर गप्प. मग म्हणाली, “तुला मेल्या श्रद्धाच नाही.”

भीतीही अशीच विकली जाते. २०१७ साली सीएनएनच्या ‘बिलीव्हर’ मालिकेत सूत्रसंचालक रेझा अस्लान काशीत एका अघोरी साधूसोबत मानवी मेंदू म्हणून दिलेला तुकडा खाताना दिसला. कुष्ठसेवा करणारे अघोरपंथीयही मालिकेच्या त्याच भागात होते, पण गाजला तो तुकडाच. अमेरिकेतल्या हिंदूंनी निषेध केला. काशीजवळच्या पडावला अघोरपंथीय अवधूत भगवान राम यांच्या, १९६१ साली स्थापन झालेल्या संस्थेचं कुष्ठसेवेचं काम चालतं. त्याची जाहिरात कोण करणार?

निवेदन नसलं म्हणून निर्धास्त राहू नका. रॉबर्ट गार्डनरच्या ‘फॉरेस्ट ऑफ ब्लिस’ या काशीवरच्या माहितीपटात (१९८६) निवेदन नाही, उपशीर्षकं नाहीत. तरी त्यातला पहाट ते पहाट असा एक दिवस अनेक दिवसांच्या चित्रीकरणातून जुळवलेला आहे.

भारावून गेलात की तोच प्रसंग आवाज बंद करून पुन्हा बघा. मग डोळे मिटून नुसतं ऐका. ‘असं मानतात’चं ‘असं आहे’ कुठे झालं, ते पकडा. ‘शास्त्रज्ञही थक्क’ म्हटलं तर नाव शोधा. आणि शेवटची आभारांची पाटी थांबवून वाचा: राहण्याजेवण्याची सोय कुणी केली, ते बऱ्याचदा तिथेच कळतं. पाहुणचार करणाऱ्या आश्रमाला हिशेब विचारणारा माहितीपट माझ्या टेबलावर अजून आलेला नाही.