पिन का तुटली? : पोलादाच्या उष्णतासंस्काराविषयी थोडेसे



ऐन हंगामात गव्हाण थांबली की यार्डात बैलगाड्यांची आणि ट्रॉल्यांची रांग लागते. मागे एका हंगामात असेच झाले. गव्हाणीच्या साखळीची नवी पिन चौथ्याच दिवशी तुटली. दुसरी बसवली, तीही गेली. तोडलेला ऊस उन्हात पडून राहिला की वजन घटते, साखर उतरते. ते नुकसान शेवटी आपले सर्वांचेच. म्हणून त्या पिनेची हकीकत येथे देत आहोत.

पोलाद हलके लागले असावे, असे आधी आम्हाला वाटले. तपासणीत ते बरोबर निघाले. ई.एन. २४, म्हणजे सुमारे ०.४ टक्के कार्बन आणि जोडीला निकेल, क्रोमियम व मॉलिब्डेनम असलेले मिश्र पोलाद. पण तुटलेला भाग जराही वाकला नव्हता, काचेसारखा तटकन तुटला होता. कठीणपणा रॉकवेल सी मापावर ५० च्या वर भरला. अशा पिनेला ३० च्या आसपास पुरे. दोष पोलादात नव्हता, भट्टीत होता.

आपल्या गावच्या लोहाराचे काम आठवा. छिन्नी लाल करून तो टोक पाण्यात बुडवतो, बाहेर काढून घासतो आणि मागची ऊब टोकाकडे येऊ देतो. चकाकत्या टोकावर आधी पिवळसर, मग तपकिरी, जांभळा, निळा असे रंग चढतात. हवा तो रंग दिसला की पुन्हा बुडवतो. पहिल्या बुडवण्याने कठीणपणा येतो, रंगाची वाट पाहण्याने चिवटपणा. भट्टीत हीच दोन कामे मोजूनमापून करतात.

१) कठीण करणे : ई.एन. २४ पोलाद ८३० ते ८५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून तेलात बुडवतात. तापल्यावर कार्बन लोखंडात विरघळतो. एकदम थंड झाल्याने त्याला बाहेर पडायला सवड मिळत नाही, तो आतच अडकतो आणि रचना ताणली जाते. हिला मार्टेन्साइट म्हणतात. ती फार कठीण, पण ठिसूळ. साधे कार्बन पोलाद जाड असले तर वरची सालच कठीण होते. निकेल, क्रोमियम असले की तेलातल्या सौम्य थंडाव्यानेही कठीणपणा आतपर्यंत पोचतो. जादा पैसे मोजायचे ते यासाठी.

२) टेंपर करणे : मग तोच नग ५५० ते ६५० अंशांपर्यंत पुन्हा तापवून ठेवतात. ताण उतरतो. कठीणपणा काही जातो, पण धक्का सोसण्याची ताकद येते. २५० ते ३७५ अंशांचा पट्टा मात्र टाळावा. तेथे पोलाद धक्क्याला उलट कमजोर होते.

आमच्या पिनांचे दुसरे काम झालेच नव्हते. चूक एकट्या वर्कशॉपची नव्हे. "संध्याकाळपर्यंत द्याच" असा निरोप आम्हीच धाडला होता!

छत्रपती संभाजीनगरात वाळूज व चिकलठाण्याला गाड्यांचे सुटे भाग बनतात. तेथे उष्णतासंस्कार ही रोजची गोष्ट आहे. चिकलठाण्याच्या इंडो-जर्मन टूल रूममध्येही ही सोय आहे. सोय दूर नाही, पण ती मागून घ्यावी लागते. आता आम्ही ऑर्डरीवर पोलादाच्या नावाबरोबर कठीणपणाचा आकडाही लिहितो आणि नग मोजूनच घेतो.

सभासदांनीही एवढे जरूर पाळावे :

• ट्रॉलीची तुटलेली पिन वेल्डिंग करून वापरू नये. जोडाशेजारचा भाग ठिसूळ होऊन तडकतो.

• वाकलेली पिन किंवा कमानपाटा गॅसने लाल करून सरळ करू नये. भट्टीत दिलेला गुण निघून जातो.

• पिनेच्या जागी सळईचा तुकडा घालू नये.

भरलेली ट्रॉली चढावर सुटली तर मागच्या गाडीवानाचा जीव जातो. पिनेची किंमत त्यापुढे काय? घाईत एक वेळ कमी पिना घ्या, पण पुरत्या भाजलेल्या घ्या.