डेटा लॉगर आणि ईसीयू: संवाद तुटला तर तपास कसा करावा

शर्यतीच्या गाडीतला डेटा लॉगर आणि इंजिनाचा संगणक, म्हणजे ईसीयू, यांच्यातली देवाणघेवाण आज बहुधा कॅन बसवरून चालते. बॉशने 1986 मध्ये जाहीर केलेल्या या पद्धतीत कॅन-हाय आणि कॅन-लो अशा दोनच तारा लागतात. लॉगरवर आरपीएम शून्य दिसला की पहिला हात लॅपटॉपकडे जातो. सेटिंग बदलतात, फर्मवेअर नव्याने भरले जाते आणि दोष मात्र कनेक्टरच्या पिनमध्ये निघतो. म्हणून तपास खालून वर न्यावा: आधी तार, मग व्होल्टेज, मग वेग आणि शेवटी संदेशाचा अर्थ. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, नाहीतर गाडी कशाने सुधारली ते कळतच नाही.

पहिली तपासणी बॅटरी काढून करावी. कॅन-हाय आणि कॅन-लो यांच्यामध्ये मल्टीमीटर लावला की सुमारे 60 ओहम दिसायला हवेत, कारण बसच्या दोन्ही टोकांना 120 ओहमचा एकेक रेझिस्टर समांतर जोडलेला असतो. मीटरने 120 दाखवले तर एक रेझिस्टर नाही किंवा वाटेत तार तुटली आहे. 40 दाखवले तर तिसरा कुठेतरी आहे. काही उपकरणांत तो आतच बसवलेला असतो आणि वायरिंग करणाऱ्याने बाहेर आणखी एक लावलेला असतो. शून्याच्या जवळचा आकडा म्हणजे दोन तारा एकमेकींना चिकटल्या आहेत.

आता वीज द्यावी. बस शांत असताना दोन्ही तारांवर अर्थच्या तुलनेत सुमारे 2.5 व्होल्ट असतात. संदेश सुरू झाले की मीटरवर हाय किंचित वर सरकते, लो किंचित खाली. उलटे दिसले तर तारांची अदलाबदल झाली आहे. काहीच हलले नाही तर ईसीयू संदेश पाठवतच नसेल. शर्यतीच्या अनेक ईसीयूंमध्ये हे प्रसारण सॉफ्टवेअरमधून मुद्दाम चालू करावे लागते.

वेग दोन्हीकडे तंतोतंत एकच हवा, मग तो 1 मेगाबिट असो वा 500 किलोबिट. चुकीच्या वेगाचा लॉगर स्वतः तर ऐकू शकत नाहीच, शिवाय त्रुटीचे संकेत पाठवून बाकीच्यांचे बोलणेही मोडतो. लॉगर जोडताच डॅश बंद पडला तर संशय इथे घ्यावा. केवळ ऐकण्याच्या मोडमध्ये हा उपद्रव टळतो. मात्र बसवर ईसीयू आणि लॉगर दोघेच असतील तर पोच द्यायला कोणी उरत नाही आणि ईसीयू तोच संदेश पुन्हा पुन्हा पाठवत राहतो.

संदेश येऊ लागले तरी आकडे खरे असतीलच असे नाही. आरपीएम 1500 हा दोन बाइटांत, हेक्स पद्धतीने लिहिल्यास, 05 आणि डीसी असा जातो. लॉगरने बाइट उलट क्रमाने वाचले तर तोच आकडा 56325 होतो. ही चूक निदान डोळ्यांत भरते. गुणक चुकला तर आकडा पटण्यासारखा दिसतो आणि त्यावर इंजिनाचे ट्यूनिंग होऊन बसते. म्हणून प्रत्येक चॅनेल माहीत असलेल्या स्थितीशी ताडून पाहावा. रात्रभर थंड झालेल्या इंजिनाच्या कूलंटचे तापमान हवेइतके हवे. थ्रॉटल मोकळा असताना 0 आणि पूर्ण दाबल्यावर 100 टक्के दिसावा. इंजिन बंद असताना मॅनिफोल्डचा दाब भोवतालच्या हवेइतका हवा. पुण्याच्या उंचीवर तो सुमारे 95 किलोपास्कल भरतो, मुंबईत 101 च्या आसपास.

गॅरेजमध्ये सुरळीत चाललेला लॉगर ट्रॅकवर अधूनमधून गप्प होतो, त्याची कारणे वेगळी. स्टार्टर फिरताना बॅटरीचा व्होल्टेज खाली जाऊन लॉगर रीसेट होतो; नोंदीतला बॅटरी व्होल्टेजचा चॅनेल पाहिला की हे कळते. इंजिन सुरू झाल्यावरच संवाद तुटत असेल तर कॅनच्या तारा एकमेकींना पीळ घालून, इग्निशन कॉइलपासून दूर नेल्या आहेत का ते पाहावे. आणि धक्क्यागणिक डेटा जात असेल तर इंजिन चालू ठेवून हार्नेस एकेका ठिकाणी हाताने हलवावा. सैल क्रिम्प तिथेच सापडतो.