जुन्या पद्मिनीचा घसारा

वाणिज्य शाखेत आपण 'घसारा' शिकतो. तो डोळ्यांनी पाहावयाचा असेल, तर जुन्या प्रीमियर पद्मिनीच्या दारांखालचा पत्रा पाहावा. कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून 'फियाट ११०० डिलाइट' म्हणून निघू लागलेली ही मोटार १९७४ मध्ये 'पद्मिनी' झाली. आमच्या डिचोलीच्या घरी आजोबांच्या पद्मिनीची बॉडी काका व मी सध्या दुरुस्त करीत आहोत.

डिचोली-पेडण्याकडे वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. ओलसर हवेत लोखंडाला गंज चढतो, ज्याला कन्नडात 'तुक्कु' म्हणतात. खाऱ्या वाऱ्याने तो अधिक फोफावतो. या गाडीला वेगळी चासी नाही. पत्र्याची बॉडीच सारा भार पेलते. म्हणून येथील गंज हा केवळ शोभेचा प्रश्न नव्हे, बसणाऱ्याच्या जिवाचा आहे.

प्रथम चटया काढून पत्रा पेचकसाने टोचून पाहावा. बॅटरी व पेट्रोलची टाकी उतरवावी. दाराच्या चौकटीला आडवी पट्टी जोडावी, नाहीतर कापताच बॉडी वाकते. कुजका भाग चांगल्या पत्र्यापर्यंत कापून त्याच जाडीचा नवा पत्रा तुटक टाके देत वेल्ड करावा. सलग वेल्डिंगने तो तापून पिळतो. मग रेड ऑक्साइड, पुट्टीचा पातळ हात, घासकाम आणि शेवटी रंग.

भोकावर नुसती पुट्टी थापणे स्वस्त पडते. पण ते ताळेबंदात तोटा लपविण्यासारखे आहे. आत गंज चालूच राहतो. म्हणून वाचकहो, जुनी गाडी घेताना खिशात लोहचुंबक ठेवा. जेथे तो धरत नाही, तेथे पुट्टी जाड आहे असे समजावे.