संतोष आणि तुष्टी

‘आहे त्यात समाधान मानावे’ हे वाक्य गृहस्थाश्रमात नित्य कानी पडते. पण ते उच्चारणाऱ्याच्या मनात संतोष असतो की केवळ थकवा, याचा विचार क्वचितच होतो.

गीतेच्या आरंभीच हा प्रश्न उभा राहतो. विजय नको, राज्य नको, सुखेही नकोत, असे अर्जुन पहिल्या अध्यायात म्हणतो. दुसऱ्या अध्यायात तर भिक्षान्नावर जगणेही त्यास बरे वाटते. वरवर पाहता याहून निःस्पृह पुरुष कोण असणार! तथापि भगवंतांनी त्यास संतुष्ट म्हटले नाही. ही हृदयाची दुर्बलता होय, असेच सांगितले. ज्यांच्यासाठी राज्य हवे तेच प्राणांवर उदार होऊन समोर उभे आहेत, असे अर्जुनच बोलून गेला होता. त्याच्या नकाराचे मूळ तृप्तीत नव्हते, शोकात होते.

ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेत तुष्टीचे नऊ प्रकार सांगून त्यांची गणना चक्क सिद्धीच्या प्रतिबंधांत केली आहे. त्यांतील चार आंतरिक आहेत. सर्व काही प्रकृतीच करते, तेव्हा अभ्यास कशास, ही पहिली. संन्यासाची बाह्य चिन्हे घेतली की पुरे, ही दुसरी. वेळ आली की आपोआप होईल, ही तिसरी. आणि दैवात असेल ते घडेल, ही चौथी. मुलाच्या शिक्षणाकडे दुर्लक्ष करून नशिबाचे नाव घेणारा पिता या चौथीतच मोडतो. उरलेल्या पाच तुष्टी मिळविण्याचे कष्ट, राखण्याची चिंता इत्यादींना कंटाळून विषय सोडल्याने येतात.

गीतेतील संतोष याहून निराळा आहे. चौथ्या अध्यायाच्या २२ व्या श्लोकात सहज मिळेल त्यात संतुष्ट असणारा पुरुष वर्णिला आहे; तो मत्सररहित, यशापयशी सम, आणि कर्म करूनही न बांधला जाणारा आहे. तो कर्म करतो, हे ध्यानात घ्यावे. संतोष लाभापुरता आहे, उद्योगापुरता नव्हे. दिवसभर सचोटीने राबलेल्या दुकानदाराचा गल्ला रात्री उणा भरला, तरी दुसऱ्या दिवशी मापात मारण्याचा विचार त्यास शिवत नाही, आणि शेजाऱ्याच्या दुकानी झालेली गर्दीही त्यास सलत नाही. यांपैकी दुसरी गोष्ट अधिक कठीण. तोटा सोसणारे पुष्कळ असतात. मत्सर गिळणारे थोडे.

तिसऱ्या अध्यायात रती, तृप्ती व संतोष ही तिन्ही आत्म्याच्या ठायीच सांगितली आहेत. बाह्य वस्तूच्या लाभाने संतोष सर्वांनाच होतो, असे श्रीशंकराचार्य तेथील भाष्यात म्हणतात. ज्ञानी पुरुषास त्या लाभाची अपेक्षाच उरत नाही. गृहस्थास ही अवस्था दूरची वाटेल. त्याच्यासाठी दुसऱ्या अध्यायातील ‘प्रसाद’ जवळचा आहे. रागद्वेष सुटलेल्या इंद्रियांनी विषयांत वावरतानाच जी मनाची निर्मळता येते, ती हा प्रसाद. त्यासाठी घर सोडावे लागत नाही. अर्जुनाचे तरी काय सुटले? अठराव्या अध्यायाच्या अखेरीस रणभूमी तीच होती, समोरचे आप्तही तेच होते. मोह मात्र गेला होता, आणि तो युद्धास उभा राहिला.